घोळीवरचा चांदवा

व्यंकट मास्तर तसा वाईट माणूस नव्हे. जीभ मात्र कधीच ताब्यात नव्हती, अन् त्या जिभेनंच त्याचा एकुलता एक दोस्त घालवला.

दोस्त म्हणजे धम्मानंद. दोघं लातूरच्या एकाच शाळेत मास्तर. रविवारी औशाच्या किल्ल्यावर फुलपाखरं बघत हिंडायचे, एकाच डब्यात जेवायचे. तिथं चांदवा दिसायचा. काळाभोर, पंखांवर पांढरे ठिपके. एक केशरीही दिसायचं, हुबेहूब रुईवरच्या कडवा फुलपाखरासारखं. धम्मानंद म्हणायचा, "ही चांदव्याची मादी हाय. कडवा इखारी असतो, त्याचं सोंग घेती, म्हणून पक्षी तिला खात न्हाईत." व्यंकटला पटेना. नर-मादीत एवढा फरक असतो व्हय?

शाळेच्या प्रदर्शनात धम्मानंदनं दोन्ही चित्रं एकाच नावाखाली लावली. सगळे मास्तर जमलेले. व्यंकट हसत बोलून गेला, "तुम्हा लोकांना सगळ्यांनाच एका पंगतीला बसवायची लई घाई!"

दोघं-तिघं हसले. धम्मानंदनं चित्रांचा तक्ता उतरवला अन् त्याच उन्हाळ्यात अर्धापूरला बदली करून घेतली.

वर्षं गेली. यंदा परसातली घोळ भाजीसाठी खुडताना व्यंकटची बायको वर्षाराणी किंचाळली. पानांवर काळ्या काटेरी अळ्या! तिथंच आठवड्यापूर्वी केशरी फुलपाखराला अंडी घालताना व्यंकटनं बघितलं होतं, अन् कडवा तर घोळीला शिवतही नाही. त्यानं अळ्या बरणीत पाळल्या. कोषांतून आधी केशरी निघालं, मग काळाभोर चांदवा. एकाच आईची लेकरं!

"अगं, धम्मा खरं बोलत होता की!" म्हणत त्यानं बरणी बायकोपुढं धरली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं अर्धापूरची एसटी धरली. धम्मानंदनं दार उघडलं, खुर्ची पुसून दिली. "या सर, बसा." उभ्या हयातीत त्यानं व्यंकटला सर म्हटलं नव्हतं. व्यंकटनं मोबाईलवर दाखवलेले अळ्या-फुलपाखरांचे फोटो त्यानं नीट बघितले.

"माझं चुकलं, धम्मा. दोन्ही एकच प्रजाती हाय."

"त्याचं काय एवढं? फुलपाखरू ओळखायला कुणीबी चुकतंय. तेवढ्यासाठी इतक्या लांब आलात?"

एवढं बोलून तो बघत राहिला. कशासाठी यायला पाहिजे होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. प्रदर्शनातल्या त्या बोलण्याची माफी व्यंकटच्या ओठांशी आली अन् चहाच्या घोटाबरोबर खाली गेली. "येतो मग," म्हणून तो उठला.

परतीच्या एसटीत मेल्याला हुंदका फुटला. तिथं रडून काय उपयोग!