आठवीच्या गणवेशाची नाडी

"मॅडम, हाताचं काहीतरी करा. नाहीतर नाव काढून घेतो शाळेतून," संगीताचे वडील म्हणाले. भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. मी जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं अडली की ती जमवून देणं, हे आमचं काम. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट.

संगीताचा उजवा हात जन्मापासून आखडलेला. आठवीत जाईपर्यंत एकही दिवस न चुकवणारी पोरगी आता शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणायची.

मी तिला लिहायला दिलं. डाव्या हाताचं अक्षर सुरेख, वेगही चांगला. मग अडलं कुठे? बाहेर ऊन मी म्हणत होतं, तिचे ओठ सुकले होते, पण तिने पाण्याला नको म्हटलं.

"भाऊ, जरा चहा घेऊन या," म्हणून मी वडिलांना बाहेर पाठवलं.

"शाळेतही पाणी पीत नाहीस?"

ती खाली बघत पुटपुटली, "आठवीपासून सलवार आहे. नाडी एका हाताने बांधता येत नाही. घरी आई बांधते."

"आणि शाळेत?"

"एकदा मैत्रिणीला सांगितलं. तिने वर्गभर केलं. मग शाळेत बाथरूमला जायचंच नाही ठरवलं, म्हणून पाणीही बंद. एक दिवस... बाकावरच झालं." तिने ओढणीत तोंड लपवलं.

वडील चहा घेऊन परतले होते, दारातच उभे होते. किटली हातात तशीच.

"आळशी म्हणून मारलं मी हिला," ते म्हणाले. संगीताने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"शाळेतल्या बाईंना सांगू नका," एवढंच ती म्हणाली. सांगायची गरजही नव्हती. आईने नाडीच्या जागी इलास्टिक घातलं. वरून कुर्ता, त्यामुळे कुणाला दिसणार नव्हतं. भिंतीला पाठ टेकून एका हाताने सलवार वर ओढायचा सराव मी आणि हॉस्पिटलच्या सिस्टरने करून घेतला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर वडील एकटेच आले. "जाते शाळेत. डबाही संपवते." मग थांबून म्हणाले, "माझ्याशी मात्र बोलत नाही अजून."

त्यानंतर मोठ्या मुलींना तपासताना मी वडिलांना आधी बाहेर बसवून दार लावून घेऊ लागले.