उतारावरचं पेट्रोल

ती गाडी आठवली, की आजही आधी मॉरिशसमधला, मोकाहून पोर्ट लुईला उतरणारा रस्ता दिसतो. दोन्हीकडे तुऱ्यावर आलेला ऊस, डोंगरावर धुकं, आणि खाली समुद्र आहे की आभाळ, तेच कळत नसे. सत्तरचं दशक होतं. मी पोलीस ठाण्यात नवा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

मोकातल्या एका कचेरीच्या साहेबांनी तक्रार दिली, की ड्रायव्हर पेट्रोल चोरतो. गॅलनला पस्तीस मैल देणारी गाडी अचानक एकोणतीसवर आली होती आणि मेकॅनिकला तिच्यात दोष सापडला नव्हता. त्यात खबर आली, की लॉंग माउंटन गावी ड्रायव्हरच्या घरामागे डबा आहे. झडती घेतली, तर डब्यात रॉकेल!

ड्रायव्हर आपल्यातलाच, मराठी, पन्नाशीचा, देवळात मृदंग वाजवणारा. पोलिसाला तिकडे सगळे शेफ म्हणत, म्हणजे साहेब. जबाबात एकच पालुपद, "आयो शेफ, थेंबसुद्धा नाही घेतला." मग मायलेज का घसरलं, असं विचारलं की मान खाली. चोराच्या मनात चांदणं, असं मी धरून चाललो.

मग मोजायला घेतलं. एकाच पंपावर, एकाच जागी टाकी गळ्यापर्यंत भरायची, झाकणाला लाखेचं सील लावायचं, मीटरचा आकडा डायरीत लिहायचा. पहिल्या टाकीला बत्तीस आले, दुसरीला सव्वीस. मी बेड्याच काढणार होतो! ठाण्याचे प्रमुख म्हणाले, "एका टाकीवर माणसाला आत घालतोस? महिनाभर मोज."

महिनाभर मोजलं. सील शाबूत, आणि सरासरी एकोणतीस. चोरी नव्हतीच. कोडं आता पस्तीसचं होतं.

त्याच उतारावर ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी विचारलं, "काका, आधी पस्तीस कसे यायचे?"

त्याने समोरच्या उताराकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "इथून इंजिन बंद करायचो, शेफ. गाडी आपोआप खाली जायची. कसला आवाज नाही. उसातला वारा तेवढा ऐकू यायचा. वाटायचं, आपण मेलोय आणि सुखात आहोत."

"मग सोडलंस का?"

"एक म्हातारी गवताचा भारा घेऊन उसातून रस्त्यावर आली. वीतभर अंतरावर गाडी थांबली. ती म्हणाली, 'बाळा, आवाज कसा नाही आला रे?' त्याच दिवशी देवासमोर शपथ घेतली. पण हे सांगितलं असतं, तर लायसन्स गेलं असतं. मग खायचं काय?"

मला स्वतःची लाज वाटली. आकडा चांगला होता तेव्हा हा माणूस चुकत होता, आणि सुधारला तेव्हा आम्ही त्याला चोर ठरवलं. मी त्याला सज्जड दम दिला, अहवालात 'चोरी नाही' एवढंच लिहिलं आणि कचेरीच्या साहेबांना ठणकावलं, की या रस्त्याला एकोणतीसच खरे. नोकरी वाचली.

शेवटच्या फेरीला रस्ता अगदी मोकळा होता. मी, वर्दीतला माणूस, हळूच म्हणालो, "काका, एकदाच दाखव ना."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही, शेफ," म्हणाला, आणि वळणावर हॉर्न वाजवला.