एकमताने मंजूर

शेवगावात आमच्या पक्षाची कचेरी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत होती. गिरणी सुरू झाली की वर क्रांतीची चर्चा थांबायची, कारण कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. त्या दुष्काळात गिरणी बहुतेक बंदच असायची आणि आमची तोंडं चालू. बैठकीची वही माझ्याकडे होती. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भारी तोरा होता.

मला पक्षात आणलं दादांनी. कोरडवाहू गावातला बाजरी पिकवणारा माणूस, चौथी शिकलेला. त्या वर्षी अर्धा तालुका खडी फोडायच्या कामावर होता आणि कामावर प्यायला पाणी नव्हतं. आम्ही मामलेदाराला घेराव घातला. दुपारी त्याने टँकर कबूल केला. दादांनी उन्हात बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि घेराव उठवला. दुसऱ्या दिवशी टँकर आला. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण वरून आदेश नसताना घेराव उठवला, म्हणून दादांवर सरकारशी संगनमताचा आरोप ठेवला गेला.

आरोप हे निमित्त. खरं दुखणं नगरच्या जिल्हा अधिवेशनातलं होतं. तिथे चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान झालं तेव्हा दादांनी आमच्या सेक्रेटरींच्या गटाविरुद्ध मत दिलं, आणि ते लपवलंही नाही. मीही तसंच मत दिलं होतं. ते फक्त दादांना ठाऊक होतं.

बैठकीत सेक्रेटरींनी घेरावाचं दोन मिनिटांत उरकलं आणि मुद्द्यावर आले. या गटबाजीत तुमच्याबरोबर आणखी कोण होतं, असं त्यांनी विचारलं. दादांनी माझ्याकडे नाही, माझ्यापुढच्या वहीकडे पाहिलं.

"लिवून घ्या, कॉम्रेड. मी एकटाच हुतो."

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

आमच्याकडे हकालपट्टी एकमतानेच व्हायची. जो विरोध करेल त्याचीही चौकशी, म्हणून कुणी विरोध करायचं नाही. हात वर करायला मला पेन खाली ठेवावं लागलं. हात मोजायचं कामही माझंच. सात भरले. खोलीत आम्ही सातच होतो, दादा धरून. पक्षाचा निर्णय एकमताचा असावा म्हणून त्या माणसाने स्वतःच्या हकालपट्टीलाही हात वर केला होता. मी 'एकमताने मंजूर' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही असा दंडक होता. खडीवर पत्रकं वाटायला गेलो की मी दादांची रांग सोडून पुढे जायचो. ज्यांच्या हातच्या भाकरी मी वर्षानुवर्षं खाल्ल्या, त्या वहिनी मान खाली घालून हातोडा मारत राहायच्या. मला माझी लाज वाटायची, आणि तो राग मी मनातल्या मनात दादांवरच काढायचो. कुणी सांगितलं होतं घेराव उठवायला? टँकर अजून रोज येत होता. तहान लागली की मी त्याचंच पाणी पीत होतो.

वर्ष उलटलं आणि वारं फिरलं. सेक्रेटरींचं वरच्यांशी बिनसलं, त्यांना गावोगावची माणसं कमी पडू लागली. हकालपट्टी मागे घेतल्याचा ठराव झाला, तोही एकमताने, आणि दादांचं कार्ड देऊन मला सायकलवर पिटाळलं.

दादा बांधावर बसले होते. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"घेतो की. पर आदी वहीतली ती ओळ नीट कर. मी एकटा न्हवतो."

एवढंच मागितलं. आता त्यात धोकाही फारसा उरला नव्हता. फार तर सेक्रेटरी महिनाभर तोंड वाकडं करून बसले असते, वही माझ्याकडून गेली असती. मी कार्ड पिशवीत टाकलं, कचेरीत आलो आणि सांगितलं की ते नको म्हणाले.

"अहंकार, दुसरं काय," सेक्रेटरी म्हणाले. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.