चेअरमन शेवटच्या टोकाला आले

तेरा सालच्या दुष्काळात दूध संस्थेनं मांजरसुंब्याच्या पुढं जनावरांची छावणी उघडली. छबुबाई आपली म्हैस घेऊन तिथं आली, पण तिला जागा मिळाली अगदी शेवटच्या टोकाला. टँकर पुढच्या रांगांतच रिकामा व्हायचा, त्यामुळं इकडचा हौद बहुतेक कोरडाच.

संस्थेचे चेअरमन आप्पाराव सोमवारी यायचे, फाटकाजवळच्या मांडवात चहा घ्यायचे आणि पुढच्या दोन-चार म्हशी थोपटून निघायचे.

"साहेब, तिकडं मागं या की," छबुबाई म्हणायची.

"पुढच्या खेपेला," ते म्हणायचे.

जनावरं निवड कशी करतात ते अभ्यासायला डॉक्टर हबीब छावणीत उतरले होते. त्यांनी जवळच्या घमेल्यात कडबा ठेवला, लांबच्या घमेल्यात पेंड. छबुबाईच्या म्हशीनं एकदा पेंड चाखली, मग दावं सोडलं की ती तडक लांबच्याच घमेल्याकडं.

"हिला कसं कळतं ओ?" छबुबाईनं विचारलं.

"मेंदूत एक भाग चवीची किंमत ठरवतो मावशी, दुसरा चालण्याचे कष्ट जोखतो. चव वरचढ ठरली की पाय उचलतो. वाटलं त्यापेक्षा जास्त मिळालं, की मेंदूत एक रसायन उसळतं आणि ती वाट पक्की होते."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"रसायन उतरतं. जनावर थबकतं, का मिळालं नाही ते शोधायला लागतं."

"माणसाचं बी असंच?"

"बरंचसं."

छबुबाई गालातल्या गालात हसली.

सोमवारी तिनं शेवटच्या टोकाला चूल पेटवली आणि कांदाभजी तळायला घेतली. वास मांडवापर्यंत गेला. आप्पाराव चहा अर्धा टाकून विचारत विचारत आले, पोटभर खाऊन गेले. हौदाकडं मात्र पाहिलं नाही. पुढच्या सोमवारी ते मांडवात बसलेच नाहीत, थेट मागं आले. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

त्यानंतरच्या खेपेला चूल थंड होती. आप्पाराव थबकले. झाकलेल्या कढईकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं.

"आज तळलं न्हाई व्हय?"

"पीठ भिजवायला पाणी लागतंय ना, साहेब. हौदात असलं तर बघा बरं."

ते हौदावर वाकले. तळाशी नुसती माती. शेजारी म्हैस जीभ काढून उभी. बायांनी तोंडाला पदर लावले. आप्पाराव बराच वेळ वर उठले नाहीत, उठले तेव्हा कान लाल झाले होते.

"लई वस्ताद हाईस तू," एवढंच म्हणाले आणि टँकरवाल्याला हाक मारली. "आजपासून ह्या टोकाकडून भरत जा."

चार दिवसांत पुढच्या रांगेतल्या वत्सलाबाई कुरकुरत आल्या. आता त्यांचा हौद कोरडा पडत होता.

"तुझी कढई दे जरा," त्या म्हणाल्या.

छबुबाईनं कढई दिली. "मिरची बेतानं घाला. साहेबांना पित्त हाय."

पुढचा सोमवार उलटला आणि दुसरा टँकर सुरू झाला.