सातपाणी मावशी आणि न विरघळणारी भुकटी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘सातपाणी’ म्हणत. काचेची बाटली साबणानं घासली की मावशी ती शुद्ध पाण्यात सात वेळा विसळणार. गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणाऱ्या विद्वानांना यात फार मोठा विनोद दिसायचा.

ही विद्वान मंडळी चार वर्षं एका मुळातून काढलेल्या पिवळ्या भुकटीच्या मागे हात धुऊन लागली होती. भुकटी म्हणे कर्करोगाच्या पेशी मारते. पण पाण्यात विरघळायचं नाव घेत नव्हती. खुर्चीतल्या मोठ्या सरांसारखीच तळाशी ठाण मांडून बसायची. आता जे विरघळत नाही, ते रक्तात जाणार कसं?

मग सरांना काटकसरीचा झटका आला. शुद्ध पाणी वाया जातं, दोनदा विसळलं तरी पुरे. मावशी कुरकुरल्या, तर त्यांना सुनावलं गेलं की भांडी घासायला डोकं लागत नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात भुकटी विरघळली. बशीतल्या पेशी पटापट मेल्या. सरांनी केक कापला. मावशींची धाकटी जाऊ याच आजारानं खंगलेली, हे त्यांना ठाऊक होतं. औषध तयार झालं की पहिलं तुमच्याच घरी, असं त्यांनी उदारपणे सांगून टाकलं. सांगायला काय जातं?

जाऊबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं की आता दवाखान्यात केमोचं सलाईन घ्यायला जाणार नाही, ताईंचं औषध येईल तेच घेईन.

मावशी हादरल्या. बाटल्या कशा धुतल्या होत्या ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? सकाळी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, भुकटी घालूच नका. मी दोनदाच विसळलेल्या बाटलीत नुसतं पाणी हलवा आणि तेच पेशींवर टाका.”

सर हसले. एका चष्मेवाल्या संशोधक मुलीनं मात्र मुकाट्यानं तसं केलं. दोन दिवसांनी बघतात तर सगळ्या पेशी मेलेल्या. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीसुद्धा. रिकाम्या बाटलीनं कर्करोग बरा केला, असा शोध लावणारी जगातली पहिलीच प्रयोगशाळा! भुकटी विरघळवली बाटलीत उरलेल्या साबणानं, पेशी मारल्या त्याही साबणानंच.

घरी येऊन मावशींनी जावेला सरळ सांगितलं, “औषध नव्हतं गं ते. साबण होता. उद्या दवाखान्यात चल.”

ती भिंतीकडे तोंड करून पडली. सकाळी मात्र चपला घालून दारात उभी होती.

सात पाणी पुन्हा सुरू झालं. भुकटी साखरेच्या रेणूंच्या बारीक कड्यांत अडकवली, तेव्हा ती खरोखर विरघळली, आणि नुसत्या भुकटीपेक्षा जास्त पेशी मारू लागली. छापून आलेल्या शोधलेखावर अकरा नावं आहेत. मावशींचं त्यात शोधून दाखवा.

जाऊबाईंनी सलाईन घेता घेता एवढंच विचारलं, की औषध व्हायला किती दिवस?

“दिवस कसले, वर्षं.”

“असू दे. ताई, तुम्ही बाटल्या मात्र नीट धुवा.”