भागीरथाबाईनं अंगणात हरळी लावली

बाभुळगावच्या नव्या वस्तीत भागीरथाबाईनं घरापुढं हरळीचं लॉन लावलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली. जी हरळी वावरातून खंदता खंदता बाईची कंबर गेली, तिलाच आता ती पाणी घालत होती.

"काहून वो, वावर कमी पडलं काय?" शेजारच्या शकुबाईनं कुंपणावरून टोमणा मारला.

"जिनं मले उभ्या जन्मात जिंकू देल्लं नाही, तिलेच पहिलवान ठेवली दारात. येऊ तं दे दुसरं गवत."

आलंच. चूक बाईचीच. उकिरड्यातलं अर्धकच्चं शेणखत तिनं हौसेनं पसरलं, आणि ढोरांच्या पोटातलं बी त्याच्यासंगं अंगणात उतरलं. पावसाळ्यात गाजरगवत, केना, लव्हाळा, सगळी जत्रा भरली.

मुलगा अमर कृषी केंद्र चालवतो. औषध विकणाऱ्याला औषधावाचून दुसरं सुचत नाही.

"माय, तणनाशक मारतो. नाही तं दिवाळीआधी सगळीकडं सिमेंटचे गट्टू बसवून टाकतो. दुकानात लोक हसून राह्यले."

"हसू दे. गवत मी आणलं, मीच काढीन. माही नात इथं उघड्या पायानं खेळते. पंप घेऊन गेटाच्या आत येऊन तं पाह्य."

पाऊस उघडून वाफसा आला की बाई खुरपं घेऊन बसायची. फूल धरायच्या आत मुळासकट उपटायची, मोकळ्या जागी हरळीच्या कांड्या रोवायची. खत आता काळंभोर कुजलेलं, चाळून घेतलेलं. अमर मशीननं लॉन भादरायला निघाला, तर तिनं मशीनच अडवलं. "उंच राहू दे. खाली ऊन पोचलं का बी उठते." लव्हाळा तरी मान काढायचाच. बाई त्याला शिव्या घालत उपटायची.

अमरला दम निघेना. बाई लग्नाला आर्णीला गेली, तेव्हा त्यानं गेटजवळच्या पट्टीवर फवारा मारलाच. ती परतली तर तिथली हरळी पिवळी पडून जळालेली. बाईनं नातीला, खुशीला, तिकडं फिरकू दिलं नाही.

पुढं आत हरळी अशी दाटली की बोट शिरेना. गेटजवळच्या उघड्या मातीत मात्र गाजरगवत तरारून आलं.

"माय, तेवढं उपटून टाक न," अमर म्हणाला.

बाईनं खुरपं त्याच्यापुढं टाकलं. "माह्या चुकीचं मी काढलं. हे तुहं हाय. हाताले फडकं गुंडाळ, खाजते ते."

अमर गेटजवळ उकिडवा बसला. रस्त्यानं जाणाऱ्या एका गिऱ्हाइकानं गाडी हळू केली. "काय अमरभाऊ, दुकानातलं औषध संपलं काय?"

अमरनं पुढचं झाड मुळासकट ओढलं. तेवढ्यात गट्टूवाल्याचा फोन आला. मातीच्या हातानंच त्यानं तो कानाला लावला. "राहू द्या," एवढंच म्हणाला.

मग ओसरीकडं न पाहताच विचारलं, "माय, इथं लावाले कांड्या कुठून आणू?"

"आतून घे. पहिलवानाले काही फरक पडत नाही."