अक्कांची काळी मशीन

"भाऊ, पहिले तिले बोलू द्या," म्हणत अक्का मशीनचं चाक तळहाताने एकदा फिरवायच्या आणि डोळे मिटून कान लावायच्या. पॉलिश, नक्षी, गॅरंटीचं कार्ड यांच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. धुळ्यात माझं शिलाई मशीनचं दुकान आहे. गिऱ्हाइकं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. आधी रंग बघतात, मग भाव विचारतात. मशीन ऐकणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं.

दुकानामागच्या गल्लीत त्यांचं घर. ओट्यावर पायाने चालवायची काळी लोखंडी मशीन. जुन्या साड्यांचे सात थर त्या सुईखाली सारायच्या आणि ती बिनतक्रार शिवायची. सहा थरांच्या गोधडीला अक्का 'चादर' म्हणत. कुणी पॉलिस्टरची साडी आणली की दारातूनच परत. "प्लास्टिक पांघरीसन कोनी झोपस का?"

मलाही सोडत नसत. "तुम्ही मशीनी विकतस, म्हनीसन तुमले मशीन समजस असं नही." मी हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

पुढे त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. हाताने टाका घालणं सुटलं, मशीनवर मात्र जमायचं. त्याच सुमारास यावलला दिलेल्या लेकीला दिवस गेले. पहिल्या बाळंतपणाला आईच्या हातची गोधडी जावी, अशी त्यांच्या घरची रीत. अक्कांनी त्यासाठी आपल्या आईची तीन लुगडी आणि स्वतःच्या चार साड्या कधीपासून जपून ठेवल्या होत्या.

आणि माझ्या दुकानात तेव्हा नवी कॉम्प्युटरची भरतकाम मशीन आली होती.

"अक्का, मोर, वेली, बाळाचं नावसुद्धा! बटण दाबलं की झालं."

"नाव आजून कोनले माहीत?" त्या म्हणाल्या, पण नजर मोरावरून हलेना. मग सवयीने चाकाकडे हात गेला. मी घाईने थांबवलं, म्हटलं बिघडेल. बटण दाबलं. मशीन टुंई करून वाजली.

"हाई बोलत नही, शिट्टी मारस." मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. "सात थर शिवी ना?"

"शिवते की!"

मी तिच्यावर दोन थरांपलीकडे काही शिवून पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचं असं मनात नव्हतं. दुकानदाराच्या तोंडून 'हो' आधी निघतं, इतकंच. पण हे काही निमित्त झालं नाही. काळी मशीन मी बदल्यात घेतली आणि हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला दाराशी शोभेला देऊन टाकली.

मोर सुरेख आला. गल्ली बघायला लोटली. मग अक्कांनी सात थर घातले. पहिली सुई मोडली, दुसरी मोडली, तिसरीला आत काहीतरी कडकन वाजलं आणि मशीन बंद पडली. मी उघडून पाहिलं, तर प्लास्टिकच्या चाकाचे दात गेलेले. पार्ट मुंबईहून यायचा होता, आणि तिकडे सासरीच बाळंत व्हायच्या लेकीचे दिवस भरत आलेले.

"बाळ तुमना पार्टसाठे थांबनार शे का?" अक्का म्हणाल्या.

दुकानातल्या एकाही नव्या मशीनला सात थर झेपेनात. गल्लीत दुसरी काळी मशीन शोधावी, तर तीही उरली नव्हती. एकेक करून मीच बदलून दिल्या होत्या.

मी हॉटेलकडे धावलो. मालकाने मशीनला सोनेरी रंग फासला होता. हातापाया पडून रिक्षातून ती आणली, अक्कांच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी चाकावर तळहात ठेवला. रंगाने सांधे जाम झालेले, चाक हललं नाही.

"भाऊ, हाई मढं माले कसाले दखाडतस?"

रॉकेल ओतलं, ठोकलं, आणि ठोकता ठोकता आतला दांडाही मीच वाकवला. चौथ्या दिवशी यावलहून फोन आला, मुलगी झाली. बाजारातून सशांच्या चित्रांची एक सॅटिनची दुलई गेली. सासरच्यांना ती फार आवडली म्हणे, किती मऊ, किती हलकी. त्यांनी नावं ठेवली असती, तर अक्कांना इतकं लागलं नसतं.

आठवड्याने गल्लीत बोहारीण आली. मी दुकानाच्या मागच्या दारात होतो. अक्कांनी सातही साड्या तिच्यापुढे टाकल्या. एरवी एका साडीसाठी तासभर वाद घालणाऱ्या अक्कांनी त्या दिवशी बदल्यात काय देणार हेही विचारलं नाही. बोहारणीने एक छोटा स्टीलचा डबा काढला, अक्कांनी तो घेतला. मला ओरडावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने ओरडणार?

बोहारणीने हिरवं लुगडं गालाला लावून बघितलं. "मावशी, इतकं मऊ लुगडं! याची तर गोधडी शिवायची."

"तूच शिव," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या माझ्या दुकानात आल्या नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही.